दोन लाख चाळीस हजारांची गाडी: एका जुन्या डिझेल सेडानच्या देखभालीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वाईत राहणाऱ्या आणि पाचगणीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेचे आहे. शाळेत आणि गॅरेजात, दोन्हीकडे त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. ओळख पटू नये यासाठी गाडीची कंपनी, गॅरेज, मध्यस्थ आणि रुग्णालय यांची नावे वगळली आहेत. खर्चाचे आकडे मात्र बाईंच्या वहीतून आणि बिलांतून घेतले आहेत. वाहनांचे मूल्यांकन हा माझा व्यवसाय आहे. जुलै २०२४ मध्ये बाई ही वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि “ही गाडी ठेवू की काढू, एवढेच सांगा,” असे म्हणाल्या. त्यापूर्वीची हकिगत मला वहीतून, बिलांतून आणि गॅरेजच्या मिस्त्रींच्या बोलण्यातून कळलेली आहे.

गाडी घेण्याचे कारण घाट नव्हता. बाईंच्या सासूबाईंचे डायलिसिस २०२२ च्या सुरुवातीला सुरू झाले आणि दर मंगळवारी व शुक्रवारी त्यांना सकाळी सातच्या आत साताऱ्याला पोहोचवणे भाग पडले. वाई ते सातारा हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे, रस्ता बहुतांश महामार्गाचा आणि सपाट आहे. बाईंचे यजमान एका पतसंस्थेत नोकरीला आहेत आणि सकाळची ही फेरी त्यांच्याकडे होती. बाई स्वतः तोपर्यंत एसटीने शाळेत जात असत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण गाडी दारात आल्यावर दोनच महिन्यांत ती पसरणी घाटही चढू लागली. वाई ते पाचगणी हा सुमारे बारा किलोमीटरचा रस्ता साडेपाचशे मीटरांच्या आसपास चढतो, आणि शाळेच्या वेळेला पर्यटकांच्या गाड्यांमागे तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच पार करावा लागतो. ज्या कामासाठी गाडी घेतली ते तिला झेपणारे होते. जे काम नंतर तिच्या गळ्यात पडले ते नव्हते.

खरेदीचा निर्णय

जुलै २०२२ मध्ये एका मध्यस्थामार्फत ऑक्टोबर २०११ पासिंगची डिझेल सेडान २,४०,००० रुपयांना घेतली गेली. बाई तिच्या तिसऱ्या मालक. मीटरवर १,४२,६०० किलोमीटर होते. एकूण तरतूद पावणेतीन लाखांची होती, म्हणजे खरेदीनंतर हाताशी ३५,००० उरत होते. त्यातून नावावर करण्याचा आणि विम्याचा खर्च वजा झाल्यावर जे उरले, ते ‘किरकोळ कामांसाठी’ म्हणून बाजूला ठेवले गेले.

तपासणी म्हणजे एक फेरी. यजमान आणि त्यांचे एक सहकारी यांनी गाडी पाचवड फाट्यापर्यंत चालवून पाहिली, एसी लावून पाहिला आणि चारही काचा वरखाली करून पाहिल्या. क्लचच्या पेडलचे रबर नवे कोरे होते, याचे दोघांनाही कौतुक वाटले. जुन्या गाडीत नवे पेडल-रबर दिसले की मला मात्र थांबावेसे वाटते, कारण ते सहसा बदलले जात नाही आणि बदलले गेले असेल तर जुने झिजून गुळगुळीत झाले होते एवढाच त्याचा अर्थ निघतो. मीटरवरचा आकडा आणि पेडलची झीज यांचा मेळ बसू नये म्हणून ते बदलले होते, हे दोन वर्षांनी स्पष्ट झाले. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदी काढल्या तेव्हा २०१८ सालच्या भेटीत १,४९,००० किलोमीटरची नोंद निघाली. चार वर्षांनी हाच आकडा १,४२,६०० कसा झाला हे सांगायला नको. खरेदीच्या वेळी गाडी किमान दोन लाखांच्या घरात चाललेली असावी, असा माझा अंदाज आहे.

ही नोंद तपासायला अर्धा तासही लागला नसता. तरीही केवळ मीटर मागे फिरवल्यामुळे हे प्रकरण घडले असे मी म्हणणार नाही. दोन लाख किलोमीटर चाललेली डिझेल गाडी आणखी लाखभर चालू शकते. फरक एवढाच पडला असता की किंमत कमी करून मागता आली असती आणि पहिल्या महिन्यात कोणती कामे आधी काढायची याचा क्रम बदलला असता.

पहिली दोन वर्षे: वहीतला खर्च

बाईंची वही नीटनेटकी आहे. तारीख, काम, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात मिस्त्रींची सही. जुलै २०२२ ते जुलै २०२४ या चोवीस महिन्यांतल्या नोंदी येथे क्रमाने देतो. खरेदीनंतर लगेच ऑइल आणि सगळे फिल्टर बदलले, ६,२०० रुपये. ऑगस्टमध्ये एसीचा कंडेन्सर गळका निघाला, गॅस भरण्यासह ११,८०० रुपये. ऑक्टोबरमध्ये सस्पेन्शनचे काम झाले: दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, पुढचे शॉकअब्सॉर्बर आणि अलाइनमेंट, २१,५०० रुपये. जानेवारी २०२३ मध्ये बॅटरी ६,३०० रुपये, मार्चमध्ये चार टायर २१,६०० रुपये. एप्रिलमध्ये रेडिएटरचा पंखा बंद पडला, मोटर व रिले मिळून ७,४०० रुपये. ऑगस्टमध्ये क्लच १४,८०० रुपये. नोव्हेंबरमध्ये दोन इंजेक्टर डिझेल लॅबमधून करून आणले, १८,५०० रुपये. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हील बेअरिंग, ब्रेक पॅड आणि डिस्क, ९,७०० रुपये. मार्चमध्ये रेडिएटर गळू लागला, त्याची टाकी बदलली, ५,२०० रुपये. याखेरीज तीन सर्व्हिसिंगचे मिळून १७,४०० रुपये. एकूण १,४०,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ५,८५० रुपये.

या बेरजेचे दोन भाग पाडले पाहिजेत. सर्व्हिसिंग, टायर आणि बॅटरी यांचे ५१,५०० रुपये कोणत्याही गाडीला लागले असते. तो खर्च या गाडीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल. उरलेले ८८,९०० रुपये मात्र वयाचे आणि झिजेचे आहेत. त्यातही एसी, सस्पेन्शन, क्लच आणि ब्रेक ही कामे एकदा नीट झाली की काही वर्षे पुन्हा निघत नाहीत. म्हणूनच प्रत्येक बिल देताना घरात एकच वाक्य बोलले जात होते: “एवढे केले की झाले.” ते वाक्य चुकीचे नव्हते. प्रत्येक कामापुरते ते खरेच होते.

वहीत जे नव्हते ते असे. गाडी दोनदा टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून, आणावी लागली आणि अकरा वेळा डायलिसिसच्या दिवशी गाडी गॅरेजात असल्यामुळे भाड्याची गाडी करावी लागली. भाड्याच्या गाडीचे एका फेरीचे १,६०० रुपये धरले, तर ते १७,६०० होतात आणि टोचनचे ६,३०० मिळवले की २३,९०० रुपये होतात. हा खर्च बाईंनी घरखर्चाच्या वहीत लिहिला होता, गाडीच्या वहीत नाही. माझ्या पाहण्यात अशा बहुतेक वह्यांमध्ये हाच दोष असतो. गाडी उभी राहण्याची किंमत गाडीच्या नावावर पडत नाही, आणि मग ती गाडी आहे त्यापेक्षा स्वस्त वाटत राहते.

समस्या: घाटातले तीन दिवस

वहीतल्या दोन नोंदी मी वेगळ्या काढल्या. एप्रिल २०२३ चा पंखा आणि मार्च २०२४ ची रेडिएटरची टाकी. दोन्ही वेळा गाडी पसरणी घाटात तापली होती. दोन्ही वेळा जे तुटले ते बदलले गेले आणि गाडी पुन्हा घाटात गेली.

पहिल्या वेळी उन्हाळा होता. काटा लाल रेषेला टेकल्यावरही बाईंनी गाडी पुढच्या वळणापर्यंत नेली, कारण वळणावर उभे राहणे धोक्याचे वाटले, आणि त्या परिस्थितीत त्यांचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. कोणा ट्रकचालकाच्या सांगण्यावरून त्यांनी हीटर पूर्ण सोडला, काचा खाली केल्या आणि गाडी थंड झाल्यावर बाटलीतले पाणी ओतले. हीटर सोडणे योग्य होते, कारण हीटरचा छोटा रेडिएटरही इंजिनाची उष्णता बाहेर टाकतो. पाण्याचे मात्र तसे नाही. साधे पाणी १०० अंशांना उकळते. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायच्या द्रवाचे, योग्य मिश्रण आणि दाब धरणारे रेडिएटरचे झाकण मिळून ही मर्यादा १२० अंशांच्या आसपास नेतात. पंखा बदलल्यानंतर गॅरेजात कूलंट पूर्ण बदलले गेले नाही, पाणीच वर भरले गेले. त्या पाण्यातल्या क्षारांचा आणि गंजाचा गाळ वर्षभर रेडिएटरच्या नळ्यांत बसत राहिला.

दुसऱ्या वेळी, रेडिएटरची टाकी बदलताना, मिस्त्रींनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप (गॅरेजाच्या भाषेत ‘वॉल’), काढून टाकला. हा आपल्याकडच्या गॅरेजांतला जुना उपाय आहे. “वॉल काढला की पाणी सारखे फिरत राहते, गाडी तापत नाही,” असे त्यामागचे तर्कशास्त्र. प्रत्यक्षात इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जळते, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असल्याने तो काढल्यावर पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता परत इंजिनातच फिरतो. घाटात, जेथे सगळे पाणी रेडिएटरमधून जायला हवे, नेमके तेथेच हे नडते. त्या महिन्यापासून गाडीचे ॲव्हरेज अठरावरून पंधरावर आल्याची नोंद बाईंच्या डिझेलच्या पावत्यांवर त्यांच्याच हाताने केलेली आहे, पण त्याचा थर्मोस्टॅटशी संबंध असेल हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तिसरा दिवस जुलै २०२४ मधला एक सोमवार. घाटात धुके, पाऊस, थंडी, आणि काटा लाल. याच गोष्टीने बाई घाबरल्या, आणि ते बरोबरच होते. भर पावसात तापणारी गाडी उन्हाळ्यातल्या तापणाऱ्या गाडीपेक्षा जास्त आजारी असते. हीटर सोडला तर गार हवा येऊ लागली, म्हणजे हीटरपर्यंत पाणी पोहोचतच नव्हते. गाडी टोचन करून वाईला आणली. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

मिस्त्रींनी गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून गाडी चालू केली तेव्हा मी तेथे होतो. पाण्यातून सोडा-वॉटरसारखे बुडबुडे सतत येत होते. मग त्यांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, ओढून फडक्यावर टेकवली. फडक्यावर पडलेला डाग काळा नव्हता, दुधाच्या चहासारखा होता. “बाई, हेड गास्केट गेलंय. बाकी काय गेलंय ते हेड उतरवल्याशिवाय नाही सांगता यायचं,” ते म्हणाले. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि गास्केट म्हणजे तो व खालचे इंजिन यांमधले सील; ते फुटले की सिलिंडरमधला वायू पाण्यात आणि पाणी ऑइलमध्ये शिरते. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो विम्याचा. त्यांचा विमा सर्वसमावेशक होता, पण तो अपघाताचा, चोरीचा, आगीचा. झिजेने किंवा तापून झालेला इंजिनाचा बिघाड त्यात येत नाही.

पर्याय

वही माझ्याकडे आली ती या टप्प्यावर. मी बाईंना आधी एक गोष्ट मान्य करायला सांगितली: गेलेले १,४०,४०० रुपये या निर्णयात धरायचे नाहीत. त्यांच्या मनात ते दोन उलट दिशांनी काम करत होते. एकदा “एवढे घातलेत, आता कशी सोडू?” असे वाटे आणि लगेच “एवढे घातले तरी हे झाले, आता एक रुपयाही नाही” असे वाटे. दोन्ही भावना खऱ्या होत्या आणि दोन्हींचा पुढच्या रुपयाशी काही संबंध नव्हता.

गाडी आहे त्या स्थितीत विकली तर सुमारे ७०,००० मिळाले असते; चालती असती तर १,३०,००० च्या आसपास. म्हणजे दुरुस्तीमुळे बाजारमूल्यात साठ हजारांची भर पडणार होती. हेडचे काम साध्या गास्केटवर भागले तर ४५,००० च्या आत होणार होते, हेडला तडा असेल तर त्यात आणखी पंचवीस हजारांची भर, आणि खालचे इंजिन झिजलेले निघाले तर फुल इंजिन काम ८५,००० च्या पुढे. प्रश्न असा की यांपैकी कोणती फांदी आपल्या वाट्याला येणार हे हेड उतरवल्यावरच कळणार होते, आणि हेड उतरवलेली गाडी विकणे म्हणजे भंगाराच्या भावात देणे.

मिस्त्रींनी जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवण्याचा पर्याय सुचवला होता. किंमत मोहात पाडणारी होती. पण इंजिन क्रमांक आरसीवर असतो. बदललेल्या इंजिनाची कागदपत्रे आरटीओकडे देऊन नोंद करून घेतली नाही तर विम्याचा दावा आणि पुढची विक्री दोन्ही अडकतात. भंगारातून आलेल्या इंजिनाची कागदपत्रे कोठून आणणार? तो पर्याय आम्ही पाच मिनिटांत सोडला.

नवी नाही तरी कमी वापरलेली पेट्रोल गाडी घेणे हा यजमानांचा आग्रह होता. तीन लाखांच्या कर्जाचा, १२ टक्के दराने आणि पाच वर्षांच्या मुदतीत, हप्ता ६,६७३ रुपये येत होता. “आत्ताच महिन्याला ५,८५० जातायत, मग आठशे रुपयांसाठी कशाला थांबायचे?” असा त्यांचा युक्तिवाद. तो ऐकायला सरळ आहे, पण हप्ता भरला म्हणून त्या गाडीचे टायर झिजायचे थांबत नाहीत. वर पाहिल्याप्रमाणे कोणत्याही गाडीला लागणारा खर्च महिन्याला दोन हजारांच्या वर आहे. तो हप्त्यात मिळवला पाहिजे. शिवाय पहिल्या दोन वर्षांची सरासरी ही पुढच्या दोन वर्षांची सरासरी नसते. क्लच, शॉकअब्सॉर्बर, टायर नवे होते. दुसरीकडे टर्बो, अल्टरनेटर, स्टीअरिंग यांना कोणी हात लावलेला नव्हता.

शेवटचा पर्याय मी मांडला आणि तो सगळ्यांना विचित्र वाटला. गाडी काढून टाकावी, शाळेला एसटी आणि डायलिसिसला ठरलेली भाड्याची गाडी. वर्षाला १०४ फेऱ्या, प्रत्येकी १,६००, म्हणजे १,६६,४०० रुपये. रक्कम ऐकून विषय संपला. मीही तो पुढे रेटला नाही. त्याकडे नंतर येतो.

काय केले

ठरले ते असे. हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासायचे. ऑइलचे झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन मारते का, म्हणजे सिलिंडरमधला वायू खाली गळून झाकणातून बाहेर येतो का, हेही पाहायचे. खालचे इंजिन खराब वाटले तर हेडला हात न लावता गाडी ७०,००० ला काढायची. चांगले वाटले तर हेड उतरवायचे, पण एकूण ५०,००० च्या वर गेले की काम तेथेच थांबवायचे. हा आकडा बाईंनी वहीच्या आतल्या पानावर लिहिला आणि मिस्त्रींना दाखवला. त्यांना ते फारसे आवडले नाही. पण त्यानंतर प्रत्येक पार्ट आणण्याआधी त्यांनी फोन केला, हेही खरे.

तीन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आले, एकाचे कमी. गास्केट जेथे फुटले असण्याचा संशय होता तोच तो सिलिंडर. बॅक कॉम्प्रेशन नव्हते. हेड उतरवले. मिस्त्रींनी हेडच्या तळावर सरळ पट्टी उभी धरून तिच्याखाली फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायचे, पातळ पाते सरकवले आणि मधोमध ते अलगद आत गेले. हेड वाकले होते. ॲल्युमिनियमचे हेड तापले की हेच होते. तडा मात्र नव्हता. लेथच्या कारखान्यात दाब देऊन तपासल्यावर तशी खात्री झाली.

हेड फेस करून (तळ घासून सपाट करून) घेणे व तपासणी ४,२००, गास्केट संच ५,८००, हेडचे नवे बोल्ट २,१००, वॉटर पंप ३,४००, थर्मोस्टॅट १,९००, पूर्ण नवा रेडिएटर ६,९००, सगळे होज पाइप २,४००, दोनदा बदललेले ऑइल, फिल्टर आणि कूलंट ८,३००, मजुरी ९,५००. एकूण ४४,५०० रुपये आणि एकोणीस दिवस. जुने बोल्टच पुन्हा लावू, असे मिस्त्रींचे म्हणणे होते. हे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा तसेच धरतील याची खात्री नसते, म्हणून २,१०० रुपयांसाठी तो वाद मी घातला. या दिवसांत भाड्याच्या सहा फेऱ्या झाल्या.

या बिलातली वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि होज पाइप ही चार कामे बाजूला काढली तर १४,६०० रुपये होतात. एप्रिल २०२३ मध्ये, गाडी पहिल्यांदा तापली तेव्हा, पंख्याबरोबर एवढेच केले असते तर बहुधा हेडपर्यंत वेळ आली नसती. त्याच्या सहा महिने आधी सस्पेन्शनवर २१,५०० रुपये खर्च झाले होते, कारण खड्ड्यात खडखड आवाज येत होता. आवाज करणाऱ्या, गार हवा न देणाऱ्या, बसणाऱ्याला जाणवणाऱ्या गोष्टी आधी दुरुस्त झाल्या. कूलंटची यंत्रणा एरवी गप्प असे, म्हणून तिची पाळी शेवटी आली. मला या संपूर्ण प्रकरणातली मुख्य चूक हीच वाटते, आणि ती बाईंपेक्षा गॅरेजची अधिक आहे. गाडी तापून आली की ती का तापली हे विचारणे हे गॅरेजचे काम. मोडलेला पार्ट बदलणे हे त्यातले शेवटचे पाऊल.

काम झाल्यावर माझी एकच अट होती: गाडी घाटात न्यायची नाही. बाईंनी पुन्हा एसटी धरली. पाऊस असला की त्यांची कुरबुर असे, पण त्यांनी अट पाळली.

परिणाम

पुढचे सहा महिने गाडी एकदाही तापली नाही. ॲव्हरेज सतरावर आले. जानेवारी २०२५ मध्ये ६,३०० रुपयांचे सर्व्हिसिंग झाले. माझा सल्ला बरोबर ठरला असे मला वाटू लागले होते.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, महामार्गावर अल्टरनेटर बंद पडला. आधी बॅटरीचा दिवा लागला, मग हेडलाइट मंद झाले, मग गाडी थांबली. सासूबाई मागच्या सीटवर होत्या. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने त्यांना साताऱ्यापर्यंत सोडले आणि त्या पन्नास मिनिटे उशिरा पोहोचल्या. त्यांची खुर्ची दुसऱ्या रुग्णाला गेली होती आणि दुपारपर्यंत थांबावे लागले. दुरुस्तीचे ८,६०० आणि टोचनचे २,५०० रुपये झाले. पैशाच्या दृष्टीने हा सबंध प्रकरणातला लहान खर्च आहे. यजमानांनी मात्र त्याच संध्याकाळी गाडी विकायचे ठरवले आणि त्यावर घरात चर्चा झाली नाही.

आणखी एक कारण तारखेचे होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; या गाडीची ऑक्टोबर २०२६ मध्ये संपत होती. त्यानंतर तपासणी, पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी, त्याचे ५,००० रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर. ही तारीख जवळ येईल तसा गाडीचा भाव उतरत जातो. गाडी एप्रिल २०२५ मध्ये विकली तेव्हा नोंदणीची दीड वर्षे बाकी होती. बाईंनी बिलांची फाइल आणि मीटरची खरी हकिगत दोन्ही ग्राहकाला दिली. १,२५,००० ला ठरत आलेला सौदा त्यामुळे १,१०,००० वर आला. त्याबद्दल त्यांना पश्चात्ताप नाही, मीही त्यांना तसेच करा म्हणून सांगितले होते. आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री होईपर्यंत त्यांनी पाठपुरावा केला. नोंदणी जुन्याच मालकाच्या नावावर राहिली आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

तेहतीस महिन्यांचा हिशेब असा. खरेदी आणि विक्रीतला फरक १,३०,०००. पहिल्या दोन वर्षांची देखभाल १,४०,४००. हेडचे काम ४४,५००. नंतरचे १४,९००. एकूण ३,२९,८००, म्हणजे डिझेल आणि विमा सोडून महिन्याला जवळजवळ दहा हजार रुपये. टोचन आणि भाड्याच्या गाड्या यांचे ३६,००० वेगळे. नावावर करणे आणि विमा यांचे सुमारे २७,०००.

आता भाड्याच्या गाडीचा तो विचित्र पर्याय. तेहतीस महिन्यांत डायलिसिसच्या २८६ फेऱ्या झाल्या. प्रत्येकी १,६०० रुपयांनी त्यांचे ४,५७,६०० होतात. बाईंच्या गाडीचा वरचा सगळा खर्च आणि फक्त डायलिसिसच्या फेऱ्यांचे डिझेल (एका फेरीला सुमारे ४१५ रुपये) धरले तर बेरीज पाच लाखांच्या थोडी पुढे जाते. म्हणजे वर्षाला १,६६,४०० हा जो आकडा ऐकून आम्ही विषय बंद केला, तो स्वतःच्या गाडीपेक्षा कमी होता. अर्थात गाडीने इतरही कामे केली, रात्री-अपरात्री ती दारात होती, आणि भाड्याचा चालक दर मंगळवारी वेळेवर आलाच असता असे नाही. तरीही २०२२ मध्ये हा हिशेब कोणी मांडला नाही आणि २०२४ मध्ये मी अर्धाच मांडला.

वेगळे काय करता आले असते

खरेदीआधी सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी पाहणे आणि स्वतंत्र मेकॅनिककडून लिफ्टवर गाडी तपासून घेणे, हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २,४०,००० ऐवजी १,९०,००० ची गाडी घेऊन उरलेले पन्नास हजार पहिल्याच महिन्यात कूलंटची यंत्रणा, ब्रेक, बेल्ट आणि होज यांवर घालणे. दोन लाखांच्या आसपास चाललेल्या गाडीची किंमत मी नेहमी अशीच धरतो: मागितलेली रक्कम अधिक पहिल्या महिन्याचे काम.

एप्रिल २०२३ हा दुसरा टप्पा. गाडी एकदा लाल रेषेवर गेली की पंखा बदलून थांबायला नको होते, आणि निदान त्या दिवसापासून तिला घाट बंद करायला हवा होता. एसटीचा पास तेव्हाही होताच.

माझी स्वतःची चूक जुलै २०२४ ची आहे. मी मर्यादा घातली ती इंजिनाला. गाडी एकोणीस दिवस उघडी पडलेली असताना अल्टरनेटर काढून त्याचे ब्रश आणि बेअरिंग पाहून घेणे हे हजार-दीड हजारांचे काम होते. डायलिसिसला नेणारी गाडी रस्त्यात कशाकशाने थांबू शकते, याची यादी मी केली नाही. ती कशाने थांबली होती, तेवढेच पाहिले. गॅरेजला जो दोष मी वर दिला आहे तोच माझ्याकडूनही घडला.

विक्रीनंतर घरच्यांनी २०१८ ची, एका मालकाची, ४६,००० किलोमीटर चाललेली लहान पेट्रोल गाडी ३,८५,००० रुपयांना घेतली. या वेळी सर्व्हिस सेंटरच्या नोंदी आधी काढल्या. पहिल्या महिन्यात कोणतीही तक्रार नसताना होज, बेल्ट, कूलंट आणि बॅटरी बदलली आणि अल्टरनेटर तपासून घेतला. शुक्रवारच्या फेरीसाठी मात्र त्यांनी गावातलाच एक गाडीवाला कायमचा ठरवला आहे. मंगळवारी यजमान नेतात. हा खर्च आता गाडीच्याच वहीत लिहिला जातो.